मूत्रपिंडविकारतज्ज्ञांसाठी संशोधन फेलोशिप : निवेदन

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : डीएम (नेफ्रॉलॉजी) उत्तीर्ण डॉक्टरांसाठी शासकीय संशोधन फेलोशिप सुरू करणेबाबत.

महोदय,

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडाच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. खारे पाणीच बाधते, असे गावकरी सांगतात. ते खरे असेलही. पण पाण्याचा वाटा किती, उन्हातल्या कष्टांचा किती आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा किती, हे गावोगाव मोजल्याशिवाय ठरणार नाही. निकाराग्वा व एल साल्वादोर येथे मधुमेह वा उच्च रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत होती. संशोधक फडापर्यंत गेले, म्हणून उष्णता आणि शरीरातले पाणी कमी होणे यांवरचा संशय बळावला. पाणी, विश्रांती, सावली देऊन पाहता आली. आपल्या बीडचे मजूरही दरवर्षी कोयता घेऊन तोडीला जातात. त्यांच्या तपासण्यांचा हंगामामागून हंगाम माग ठेवायला हवा.

हे काम डायलिसिस युनिटमध्ये बसून होणारे नाही. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी क्षमता गेलेली असू शकते. आमच्यापर्यंत पोहोचणारा रुग्ण बहुधा त्याच्याही पुढे गेलेला असतो. डीएमची 3 वर्षे वॉर्ड, डायलिसिस आणि प्रत्यारोपणात संपतात. प्रबंध होतो, पण हाताशी असलेल्या रुग्णांवरच.

म्हणून डीएमनंतर 2 वर्षांची संशोधन फेलोशिप सुरू करावी व वरिष्ठ निवासी डॉक्टरांइतके विद्यावेतन द्यावे. जैवसांख्यिकी व रोगपरिस्थितिविज्ञानाचे रीतसर शिक्षण, जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाचा सहमार्गदर्शक आणि किमान एक वर्ष प्रत्यक्ष गावांत काम, एवढे त्यात असावेच. संशोधनाचे दिवस लेखी आदेशाने राखून ठेवावेत. अन्यथा ड्युटीला माणूस कमी पडला की पहिले नाव फेलोचे लागेल, हे रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

हा कालावधी बंधपत्रित सेवेत धरावा, ही मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याला वेगळा निधी लागत नाही आणि ती मान्य न झाल्यास चांगले उमेदवार या वाटेला येणार नाहीत.

नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयातून सुरुवात व्हावी आणि याबाबत चर्चेसाठी आम्हांस वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शासकीय रुग्णालयांतील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ व डीएम विद्यार्थी

प्रत माहितीसाठी : मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक.