यंत्रमानवाआधी निदान

गवताचा भारा माळ्यावर चढवताना, फवारणीचा पंप पाठीवर वागवताना हाताला मुंग्या येतात, पकड ढिली पडते. ‘नस दबली असेल’ म्हणून आपण तेल चोळतो आणि पुन्हा कामाला लागतो. पुष्कळदा एवढ्याने भागते, नेहमीच नाही.

हासळी आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. हाताचे मज्जातंतू, शुद्ध रक्त नेणारी रोहिणी आणि अशुद्ध रक्त परत आणणारी नीला ही तिन्ही तेथूनच जातात. मानेचे स्नायू आखडले, मोडलेली हासळी वाकडी जुळली किंवा जन्मतः मानेत जादा बरगडी असली, तर ही वाट आवळते. डॉक्टर याला ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ म्हणतात. शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्णांत दाब मज्जातंतूंवर असतो. त्यांना आधी व्यायाम द्यावा. काही महिने तो नेटाने केल्यास अनेकांना शस्त्रक्रिया लागत नाही.

पण नीलेत रक्ताची गुठळी झाली तर हात एकाएकी सुजून निळसर होतो. रोहिणी दबली तर बोटे थंड व पांढरी पडतात. अशा वेळी चोळू नये, थांबू नये. त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे. या रुग्णांची पहिली बरगडी बहुधा काढावी लागते.

अमेरिकेतील डॉ. डेव्हिड रूस यांनी १९६६ साली ती काखेतून काढण्याची रीत मांडली. आता काही ठिकाणी यंत्रमानवाच्या साह्याने, छातीला लहान छिद्रे पाडून ती काढतात. सर्जनला आतले मोठे करून दिसते, मज्जातंतू फारसे ओढावे लागत नाहीत. हा लाभ आम्ही नाकारत नाही. मात्र यंत्राचे हात सर्जनच चालवतो, आणि दुखणे कोठले हे यंत्र सांगत नाही. मनगटात किंवा मानेच्या मणक्यात तंतू दबला तरी अशाच मुंग्या येतात. तेथे बरगडी काढून काय साधणार?

म्हणून आमचे सांगणे एवढेच: यंत्राच्या नावाला भुलून शेत गहाण टाकू नका. नेमके काय दबले आहे, कोणत्या तपासणीत दिसले, व्यायाम पुरेसा झाला का, आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत आणि साध्या रीतीने खर्च किती येईल, हे डॉक्टरांना नम्रपणे पण जरूर विचारा. हात निळा वा पांढरा पडला नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास वेळ असतो.