पाचचा नंबर, सातची रुंदी

धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयातून निघून फोर्टातल्या उच्च न्यायालयात चालत जायला मला वीस मिनिटं लागतात. मेट्रो सिनेमा, मग उजव्या हाताला क्रॉस मैदान ठेवून फॅशन स्ट्रीट, पुढे हुतात्मा चौक. एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाले तयार होत नाहीत. गेल्या ऑक्टोबरात एका दिवशी सकाळी इथे तारीख होती आणि दुपारी तिथे प्रकरण बोर्डावर होतं. खांद्याला पिशवी, हातात दोन ब्रीफा, वर उन्हाचा तडाखा. हुतात्मा चौक येईपर्यंत डाव्या पायाची करंगळी पेटल्यासारखी झाली होती. आमचं प्रकरण पुकारलं तेव्हा चार वाजत आले होते. न्यायमूर्तींनी एका दस्ताचं पान विचारलं. ते पान मला तोंडपाठ होतं. तरी सांगायला मला क्षणभर वेळ लागला, कारण माझं सगळं लक्ष त्या एका बोटात गोळा झालं होतं.

बाररूममध्ये येऊन पाय मोकळा केला. करंगळीच्या बाजूला लालबुंद फोड, अंगठ्याच्या सांध्यावर बुटाच्या काठाचा वळ. बूट म्हणजे साधी काळी बेली, पुढे गोल, वर बारीकसा बो, टाच नावाला. १,८०० रुपयांची, आणि महिनाभरसुद्धा जुनी नव्हती.

बावीस वर्षं वकिली करतेय. ठाण्याहून गाडी, मग पायपीट, मग कोर्टात तासन्‌तास उभं राहणं. उंच टाचा मी पहिल्याच वर्षी सोडल्या. एक तर लोकलच्या पुलावर त्या घालून धावता येत नाही, फुटपाथच्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत टाच अडकते, आणि दुसरं म्हणजे शांत कोर्टात आपली टकटक सगळ्यांना ऐकू जाते. सपाट घेतलं की प्रश्न मिटला, असं तेव्हा वाटलं होतं. तो मिटला नाही. सपाट बुटांनीच माझे पाय जास्त बिघडवले.

दुकानात गेलं की बायकांसाठी दोन भिंती असतात. एका भिंतीवर नाजूक, निमुळत्या, दिसायला सुंदर बेल्या आणि मोजड्या. दुसऱ्या भिंतीवर ‘आरामदायी’ म्हणून ठेवलेल्या तपकिरी, फुगीर चपला, ज्यांना सगळे डॉक्टर चप्पल म्हणतात. काळ्या कोटाखाली, इस्त्रीच्या पांढऱ्या सलवार-कमीजवर ती डॉक्टर चप्पल घालून मी अशिलासमोर बसावं असं दुकानदाराला वाटतं का? आपण नीटनेटकं दिसावं, पायातलं कपड्याला शोभावं, ही इच्छा मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही. ज्या बाईला कामाच्या ठिकाणी पहिल्या नजरेत जोखलं जातं, तिच्यासाठी बूट हा पोशाखाचा भाग आहे. माझ्याकडे लातूरहून आलेली एक ज्युनिअर आहे. एकाच जोडीत तिला लोकल, कोर्ट आणि संध्याकाळचा हॉस्टेलातला वाढदिवस असं सगळं भागवायचं असतं. तिला सुंदर किंवा सुखाचं यातलं एक निवड म्हणणं अन्यायाचं आहे.

त्या फोडानंतरच्या रविवारी मी दुकानात जाऊन दोन तास बसले. दाखवणारी मुलगी विशी-बाविशीची होती. पाचचा नंबर लांबीला बरोबर बसला, पण चवड्याला आवळत होता. ती म्हणाली, “मॅडम, थोडं वापरलंत की सैल होईल.” हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. चामडं थोडंफार सैल पडतं हे खरं, पण हे होतं रेक्झिन. ते ताणत नाही, भेगाळतं. मग तिने सहा आणला. तो चवड्याला ठीक, पण चालताना टाच निसटायला लागली. निसटणारा बूट पायात धरून ठेवायला बोटं आपोआप आवळली जातात, आणि दिवसभर बोटं आवळून चालणाऱ्याच्या पोटऱ्या संध्याकाळी दगडासारख्या होतात. मी तिच्या पायांकडे पाहिलं. तिच्या पायात दुकानाने दिलेल्या काळ्या बेल्या होत्या, आणि टाचेमागे बँडएड लावलेलं होतं. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. त्या पोरीकडे बघताना हे कायदे का लागले, ते मला पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त कळलं.

यात दोष माझ्या पायाचा नाही आणि तिच्या पायाचाही नाही. दोष मापाचा आहे. आपण अजून इंग्रजांच्या नंबरांवर बूट विकतो. त्या पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, मुळात जवाच्या एका दाण्याची लांबी. नंबर लांबी सांगतो, रुंदीबद्दल त्याच्यापाशी शब्दच नाही. विलायतेत रुंदीसाठी वेगळी अक्षरं असतात. इथे बायकांच्या बुटांवर ती मला कधी दिसली नाहीत. मग रुंद पायाच्या बाईने रुंदी मिळवायची तर लांबीसुद्धा विकत घ्यायची. मी बारा वर्षं सहा नंबर घालत होते. माझा पाय पाचचा आहे आणि रुंदी सातची.

आणि असा पाय असणारी मी एकटी नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांचे पाय यंत्राने मापले. त्यातून निघालं ते असं, की भारतीयांचे पाय युरोपी किंवा अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, आणि म्हणूनच आपल्यापैकी कित्येक जण गरजेपेक्षा लांब किंवा अतोनात आवळणारे बूट घालून फिरतात. त्या पाहणीवरून भारतीय पायासाठी नवी मापं सुचवली गेली. त्या मापांना नाव दिलंय ‘भ’. भारतातला भ. लहान बाळापासून मोठ्या माणसापर्यंत आठ गट, आणि लांबीबरोबर रुंदीचाही हिशेब. ही बातमी मी २०२४ मध्ये वाचली तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं. इतकी वर्षं दुकानातल्या आरशासमोर बसून ‘माझेच पाय बेढब’ असं मी स्वतःला सांगत आले होते. त्या रविवारी मी त्या मुलीला विचारलं, भ नंबर आहे का? तिने ते नाव ऐकलंही नव्हतं.

सपाट म्हणजे सुखाचं, या समजाबद्दलही बोललं पाहिजे. चाळिशीनंतर मला टाचदुखी लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की पहिली चार पावलं खिळ्यावर पडल्यासारखी. हाडांच्या डॉक्टरांनी पाय पाहण्याआधी बूट मागितला. दोन्ही हातांत धरून टॉवेल पिळावा तसा पिळला, तो पिळला गेला. मग टोक आणि टाच धरून दाबला, तो मधोमध घडी पडून दुमडला. ते म्हणाले, बूट वाकायला हवा तो चवड्यापाशी, जिथे तुमचा पाय वाकतो तिथे. मध्येच वाकणाऱ्या बुटात तळव्याला आधार कुठून मिळणार? अगदी कागदासारखा सपाट तळही त्यांना नको होता, टाचेखाली बोटभर उंची चालेल म्हणाले. आणि खरेदी संध्याकाळी करा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. तेव्हापासून मी दुकानात प्रत्येक जोडी पिळून बघते. शंभरातल्या नव्वद बेल्या पिळल्या जातात.

ठाणे स्टेशनबाहेर एका पत्र्याच्या स्टॉलमध्ये गटईकाम करणारे काका बसतात. तिथे मी ती १,८०० ची बेली नेली, निदान रुंद करून द्या म्हटलं. त्यांनी ती उलटीसुलटी केली, रापीचं टोक काठात घातलं आणि तळ सोलून काढला. आत पुठ्ठा होता. साडीच्या खोक्याचा असतो तसा करडा पुठ्ठा, एका बाजूला घामाने फुगलेला. त्यांनी तो नखाने कुरतडला तर भुगा पडला. “ताई, याला टाका कुठे घालू?” त्यांनी विचारलं. मग शेजारी दुरुस्तीला आलेला एक पुरुषाचा काळा बूट उचलून दाखवला. त्याच किमतीच्या आसपासचा. तळाला सभोवार शिलाई, आत चामड्याचा थर. याचा तळ तीनदा बदलून दिलाय, म्हणाले. बाईच्या बुटाला तेवढेच पैसे लागतात आणि तो सहा महिन्यांत कचऱ्यात जातो. हा फरक चालवून घेणाऱ्यांत मीही होते, कारण मला तो तोपर्यंत दिसलाच नव्हता. बूट वरून पाहायचा असतो हेच आपल्याला शिकवलंय.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि इथे गदारोळ झाला. आमच्याच उच्च न्यायालयात जनहित याचिका आली. जुलैत ती फेटाळली गेली. भौगोलिक मानांकनाची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः दाद मागावी, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कायद्याच्या दृष्टीने ते मला पटलं. त्या आठवड्यात बाररूममध्ये कोल्हापुरीवर पोटतिडकीने बोलणारे कितीतरी जण होते, मीही होते. पण बोलता बोलता मला एक गोष्ट खटकत राहिली. कोल्हापुरी ही मुळात काय आहे? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेली, चार-आठ दिवस चावते आणि मग घालणाऱ्याच्या पायाचा आकार घेते. रुंद पायाला पुढून मोकळी. आरामाचं आणि देखणेपणाचं जे जुळवायला मी दुकानं पालथी घालतेय, ते आपल्या कारागिरांनी केव्हाच जुळवलं होतं. पावसात ती चालत नाही, आणि कोर्टात करकरते, हे मान्य. पण ती ज्या हातांनी बनते त्या हातांना बंद, काळा, कामावर घालायचा बायकांचा बूट बनवता येणार नाही का?

ते मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि नोंदणी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. आपल्याकडे त्यासाठी संत रोहिदासांच्या नावाचं महामंडळ आहे. माझी मागणी त्या महामंडळाकडे आहे. मिलानने आपली दखल घेतली याचा आनंद जरूर करा, पण रोज सकाळी लोकलला लोंबकळणाऱ्या परिचारिका, शिक्षिका, बँकेतल्या आणि कोर्टातल्या बायका हे गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं आहे. त्यांचे पाय मापा. पाचच्या नंबरात दोन रुंद्या द्या. तळ शिवलेला द्या, म्हणजे ठाण्याच्या काकांनाही काम मिळेल. मोठ्या कंपन्यांनाही हेच सांगणं आहे. माल दुप्पट ठेवावा लागतो म्हणून रुंदी परवडत नाही, हे मी दोन व्यवस्थापकांकडून ऐकलंय. बोच्या सहा तऱ्हा ठेवायला मात्र फडताळात जागा असते.

मी शेवटी बूट शिवून घेतला. चेंबूरजवळ ठक्कर बाप्पा कॉलनीत गल्लीच्या गल्ली चपला-बुटांच्या कारखान्यांची आहे. खाली माल, वर पोटमाळ्यावर काम, सगळीकडे सोल्युशनचा उग्र वास. तिथल्या एका कारागिराने मला कागदावर उभं केलं आणि पेन्सिल सरळ धरून दोन्ही पायांभोवती रेघ मारली. डावा पाय उजव्यापेक्षा किंचित रुंद निघाला. मग चवड्याला, वरच्या उंचवट्याला आणि टाचेला फीत लावली. पाच नंबरचा फर्मा काढला आणि करंगळीच्या आणि अंगठ्याच्या जागी त्यावर चामड्याचे पातळ तुकडे चिकटवून तो माझ्या पायाएवढा रुंद केला. इतकी साधी गोष्ट. दहा मिनिटांचं काम. दहा दिवसांनी बूट मिळाला. काळं मऊ चामडं, पुढे गोलसर, बो नाही, त्याऐवजी काठाला एक बारीक वेणी घालून घेतली मी. टाचेखाली बोटभर रबर. आवाज नाही. किंमत ३,२०० रुपये.

माझ्या ज्युनिअरला एकदम ३,२०० काढता येत नाहीत, तिला दुकानातलाच बूट लागणार आहे. तोवर मी तिला एक युक्ती दिली आहे. घरी संध्याकाळी कागदावर उभं राहून पायाची रेघ काढायची, ती कापून पर्समध्ये ठेवायची आणि दुकानात बूट पायात घालण्याआधी त्याच्या तळावर ती ठेवून बघायची. कागद दोन्ही बाजूंनी बाहेर आला तर तो बूट परत द्यायचा, समोरचा काहीही म्हणो. परवा ती कागद घेऊन गेली. अकरा जोड्यांवर ठेवला. अकराही परत दिल्या, आणि प्रत्येक वेळी रुंदी कमी आहे असं मोठ्याने सांगितलं.