वाफ्याला दगडी कड

माजलगावची काळी माती पावसात फुगते, पायाला चिकटते आणि वैशाखात बोट जाईल एवढ्या भेगा देते. अशा मातीत विटा-सिमेंटची कड फार टिकत नाही, तडकते. आमच्या मते सिमेंटशिवाय पुरलेले सुटे दगडच बरे. माती हलली तर दगडही थोडा हलतो आणि पहारीने पुन्हा सरळ करता येतो.

जुन्या घराच्या भिंतीतला काळा दगड सर्वांत टिकाऊ. शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरले तर सुबक दिसतात, पण फावडे लागले की टवका उडतो. कब्रस्तानच्या पडक्या भिंतीचे दगड मात्र 'पडूनच आहेत' म्हणून उचलू नका. ती वक्फची मालमत्ता आहे. शेजाऱ्याच्या पडझडीतले हवे असतील तर आधी विचारा.

वाफा तीन फूट रुंद, दहा फूट लांब धरला तर घेर 26 फूट, म्हणजे नऊ इंची दगड सुमारे 35 लागतील. दिवाळीनंतर जमिनीत ओल असते, तेव्हा खोदा. खुंट्यांना दोरी बांधून सहा इंच खोल चर घ्या, तळाशी दोन इंच मुरूम टाकून, पाणी शिंपडून धुमसा. दगडाचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे. फटींतही मुरूम ठासून भरा.

फटी भरायला सांगतो ते केवळ देखणेपणासाठी नाही. रिकाम्या फटीत विंचू राहतो आणि अंगणात मुले अनवाणी खेळतात. दगडांचा ढीग हाताने उपसू नका, आधी पहारीने उलटा. लाल विंचू चावल्यावर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवणे जिवावर बेतते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचवले, 1980च्या दशकात हे काम जगापुढे आले. पण औषध वेळेत पोटात जायला हवे, म्हणून थेट दवाखाना गाठा.

कड झाली की वुजूचे पाणी नालीत सोडू नका. त्यात साबण नसतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला पाच वेळचे हे पाणी एका वाफ्यापुरते होते आणि कडेमुळे ते बाहेर न वाहता मुरते. त्यात पुदिना, कोथिंबीर, मेथी लावा. मेंदी मात्र वाफ्यात नको. तिचे झुडूप होते, मग खाली काही उगवत नाही. तिला कुंपणाशी जागा द्या.