सांभाळून घेतलं, तिथंच चुकलो

फिरोजपूरला होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या प्लाटूनमध्ये एक हवालदार होता, आपल्याच साताऱ्याकडचा. नेमबाजीत एक नंबर, पण सकाळी चहाचा मग दोन्ही हातांनी धरायचा. पीटीला आला नाही की 'ताप आहे' असा रिपोर्ट मीच द्यायचो. लो मेडिकल झाला तर प्रमोशन अडेल, ही भीती खोटी नव्हती. गावाकडे वहिनी तेच करत होत्या. उधारी गुपचूप भागवायची, सासऱ्यांना कळू द्यायचं नाही. त्याचं पिणं आम्ही दोघांनी मिळून दोन वर्षं सांभाळलं, असंच आता म्हणावं लागतं.

मग सुट्टी लागली. मुलीची शपथ घेऊन, बाटलीला हात न लावता गडी पंजाब मेलमध्ये बसला. घरी पोचल्यावर दुसऱ्याच रात्री त्याला भिंतीवरून माणसं उतरताना दिसू लागली. घरच्यांनी देवऋषी गाठला. लिंबू, अंगारा, सगळं झालं. फिट आली तेव्हा कुठं दवाखाना.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली, की पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून शपथेआधी डॉक्टर. साप चावला तर काय करायचं हे आम्हाला फौजेत शिकवलं होतं. हे नव्हतं. रमवरचे विनोद मात्र भरपूर पाठ होते.

माझं मत स्पष्ट आहे. पिणाऱ्याइतकीच घरच्यांनाही मदत लागते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. तिथं रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, तो याचसाठी. आपल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शनवर दोन तास बोलतो, त्यातली वीस मिनिटं या विषयाला द्या. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर तरी फळ्यावर लिहा. आणि वहिनींनाही बोलवा, नुसत्या जेवणापुरतं नको.

परवा त्याचा फोन आला. मध्ये एकदा पाय घसरला होता, हे त्यानंच सांगितलं. त्या वेळी वहिनी भांडल्या नाहीत, लपवलंही नाही. सकाळी रिक्षा बोलावली आणि त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. कॅन्टीनचं कार्ड आता त्यांच्याच पर्समध्ये असतं. साबण, तेल, चहा, बस्स.