ब्रासमध्ये मोजलेला डोंगर

बुलडोझर हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आता एकच चित्र येतं. पोलीस बंदोबस्त, रस्त्यावर काढून ठेवलेली भांडी आणि कुणाचं तरी पाडलं जाणारं घर. 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान 15 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय, बाजू ऐकून घेतल्याशिवाय असं घर पाडता येणार नाही. तो निकाल आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला. चांगलंच केलं. पण हेच पिवळं यंत्र सातारा-सांगलीच्या गावागावांत आणखी एक काम रोज करतंय, आणि त्यासाठी कुणी कुणाला नोटीस दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ते डोंगर कापतंय.

"हा काय आपला प्रश्न आहे का?" असं एका मित्राने मला हा लेख लिहिण्याआधीच विचारलं. शिष्यवृत्ती, नोकऱ्या, घर भाड्याने न मिळणं, तलाक, इतकं सगळं समोर असताना माती कशाला? त्याला उत्तर द्यायचं तर आधी माझी स्वतःची चूक सांगावी लागेल.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तीनेक वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात, मामाच्या गावाजवळ, तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. जाहिरातीत दरीचा फोटो होता आणि हप्ता झेपणारा होता. विकणाऱ्याने उतारावर टप्पे पाडले होते. वरच्या अंगाला बारा-तेरा फुटांचा सरळ उभा काप, आणि निघालेला मुरूम खालच्या अंगाला ढकलून केलेली सपाट जागा. मी इंजिनिअरिंग केलंय, पण कॉम्प्युटरचं. मला ती सपाट जागा आवडली. ढकललेला मुरूम दाबलाय का, वरून येणारं पाणी कुठून जाणार, हे विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

पहिल्याच जुलैत भरावाचा एक कोपरा वाहून खाली गेला. खाली एका आजींची भाताची दोन खाचरं होती, लावणी नुकतीच झालेली. त्यांच्यावर गुडघाभर मुरूम बसला. आजी मला म्हणाल्या, "तुमी शिकलेली मानसं, तुमाला कळत नव्हतं व्हय?" मला खरंच कळत नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या प्लॉटच्या कापामुळे वरच्या कब्रस्तानाची पौळ ढासळली. माझ्या नानांची कबर तिथून आठ फुटांवर आहे. मी टेप लावून मोजलंय.

मग चकरा सुरू झाल्या. ग्रामपंचायत म्हणाली जागा खासगी आहे, महसूलकडे जा. महसूलवाल्यांनी एकच विचारलं, रॉयल्टी भरली होती का? विकणाऱ्याने चलन दाखवलं. विषय संपला. नगररचनेच्या टेबलावर सांगितलं गेलं की अजून बांधकामच झालेलं नाही, तर आम्ही काय बघणार? तिन्ही ठिकाणी कुणी उद्धट बोललं नाही, पैसे मागितले नाहीत. पण काप किती उंच आहे, किती उभा आहे, वर काय आहे आणि खाली कोण राहतं, हे एकानेही विचारलं नाही.

आपल्याकडे माती मोजायचं माप ब्रास आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. डोंगरातून किती ब्रास गेला याचा हिशेब सरकारला हवा असतो, कारण त्यावर महसूल आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 मध्ये विनापरवाना गौण खनिज काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. म्हणजे कायद्याला राग आहे तो चोरीचा. पावती फाडून, सरळ भिंतीसारखा, ओढ्याच्या काठावर, भर पावसात डोंगर कापला तर हे कलम तुमच्याकडे वळूनही बघत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. भराव आणि सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी मातीही केंद्राने फेब्रुवारी 2000 मध्ये गौण खनिज ठरवली होती. पुण्याच्या बिल्डरांच्या संघटनेने त्यावरून दावा लढवला, आणि 3 डिसेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पायासाठी खणलेली माती त्याच जागेवर वापरली तर सरसकट दंड लावता येणार नाही. कायद्याच्या भाषेत निकाल बरोबरच आहे. पण डोंगरउतारावर परिणाम काय होतो बघा. माती प्लॉटबाहेर गेली तर निदान कुणीतरी विचारतं. तीच माती प्लॉटच्या खालच्या अंगाला सैल ढकलून दिली, म्हणजे सगळ्यात धोक्याचं काम केलं, तर विचारायला कुणी येत नाही.

नियम नाहीतच असं मात्र नाही. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात 'विकास' या शब्दाची व्याख्या वाचा. जमिनीवर, जमिनीच्या वर किंवा खाली केलेलं बांधकाम, अभियांत्रिकी काम, खाणकाम, सगळं त्यात येतं. म्हणजे "अजून बांधकाम झालेलं नाही" हे मला मिळालेलं उत्तर कायद्यालाच धरून नव्हतं. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. डोंगराळ भागात 1:5 किंवा त्याहून जास्त उतार असेल तर विकासाला परवानगी नाही. पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, म्हणजे साधारण सव्वाअकरा अंश. मोबाइलमधल्या लेव्हलने मी माझ्या प्लॉटशेजारची न कापलेली जमीन मोजली. एकोणीस अंश. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो तो याच युक्तीने. आधी जेसीबी लावून उतार सपाट करायचा, मग सपाट जमिनीचा नकाशा काढून परवानगी मागायची. मूळ उतार किती होता हे कागदावर कुठेच राहत नाही. खरं तर जुनी उपग्रह चित्रं आणि उंचीचे नकाशे फुकट मिळतात. माझ्यासारख्या माणसाला एका गावाच्या उताराचा नकाशा करायला एक रविवार पुरतो. सरकारला तो करता येत नाही असं नाही, तो कुणी मागत नाही.

आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे दरडी कोसळून घरं गाडली गेली. तो डोंगर कुणी जेसीबीने कापला म्हणून पडला, असं मी म्हणत नाही. तांबडी माती आणि मुरूम खालच्या कातळावर बसलेला असतो, पाणी मुरलं की तो सुटतो, हे माणूस नसतानाही होत आलंय. म्हणूनच तर जिथे डोंगर स्वतःहून सुटू शकतो तिथे त्याच्या पायाशी उभा काप घेणं हा वेडेपणा आहे. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर उतारावर यंत्राने केलेल्या सपाटीकरणाची चर्चा महिनाभर झाली. चर्चाच झाली. आता सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या गावांत नवीन महाबळेश्वर प्रकल्पाचा आराखडा रस्ते विकास महामंडळाने पुढे आणलाय. रस्ते आले की काप येणार, आणि माझ्या प्लॉटसारखे हजारो प्लॉट येणार.

हे जगात कुणालाच जमलेलं नाही असंही नाही. 18 जून 1972 ला हाँगकाँगमध्ये एकाच दिवशी दोन दरडी कोसळल्या, 138 माणसं मेली. त्यातली साउ माउ पिंगची दरड म्हणजे न दाबलेला भराव होता, तंतोतंत माझ्या प्लॉटसारखा. त्या सरकारला लगेच शहाणपण आलं नाही. 1976 मध्ये त्याच वस्तीत पुन्हा भराव सुटला, पुन्हा माणसं गेली, तेव्हा 1977 मध्ये उतारांसाठी स्वतंत्र कार्यालय निघालं. आज तिथे माणसाने केलेल्या सुमारे 60,000 उतारांना प्रत्येकी नंबर आहे आणि त्याची पाटी उतारावर लावलेली असते. आपल्याकडे माणसाला नंबर आहे, म्हशीच्या कानाला बिल्ला आहे. उताराला नाही.

सांगलीकर म्हणतील, आमच्याकडे कुठे डोंगर? पण वरून सुटलेली माती कुठे जाते? 2005, 2019 आणि 2021 चे पूर सांगलीने पाहिलेत. नदीकाठची मळीची माती वीटभट्टीला जाते आणि सखल जमिनीत मुरूम टाकून गुंठेवारीचे प्लॉट पडतात. नाले त्या भरावाखाली बुजतात. पूररेषेचे नियम आहेत, निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, पण मुरमाचा डंपर रात्री रिकामा होतो तेव्हा त्याला रेषा दिसत नाही. एकाच्या प्लॉटवर चार फूट भराव पडला की पाणी शेजारच्याच्या घरात शिरतं. मग शेजारी पाच फूट टाकतो. मिरजेतल्या एका चाचांनी दहा वर्षांत तीनदा उंबरा वर घेतलाय. आता घरात वाकून जावं लागतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. नियम आणले की ते गरिबावरच चालतात. ज्यांना सोसायटीत घर कुणी देत नाही तेच गुंठेवारीत जातात, त्यांना आणखी एक परवानगी, आणखी एक टेबल? भीती खरी आहे. पण आज नियम न पाळण्याची किंमत कोण मोजतंय? 2001 चा गुंठेवारी कायदा प्लॉट नियमित करून देतो, त्याखालचा भराव दाबून देत नाही. कापणाऱ्याचा नफा दोन महिन्यांत खिशात जातो. भिंत बांधायचा, खचलेली फरशी काढायचा आणि पाणी उपसायचा खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. म्हणून नियम विकणाऱ्यावर हवा, प्लॉट पाडणाऱ्यावर हवा. घर बांधणाऱ्यावर नको.

आणि आपला दुसरा हिस्साही बोलू या. जेसीबी, पोकलेन आणि डंपर या धंद्यात आपली मुलं आहेत. माझा मामेभाऊच आहे, मशीनवर कर्ज आहे. तो म्हणतो, "दादा, मालक म्हणतो सरळ काप, म्हणजे जागा जास्त निघते. मी नाही कापला तर तासाला शंभर कमी घेऊन दुसरा कापेल." खोटं नाही बोलत तो. एकट्या ऑपरेटरने नाही म्हणून काही होत नाही. पण गावाचाच नियम असेल तर त्याला नाही म्हणता येतं. आणि टप्पे पाडून कापायला, वर पाण्याची चर काढायला, भराव थरांनी दाबायला मशीनचे तास जास्त लागतात. धंदा बुडत नाही, वाढतो.

गावाने नियम करणं ही काही परदेशी कल्पना नाही. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी 1980 च्या दशकात येरळेच्या वाळूसाठी लढा दिला. ठेकेदारांच्या बेसुमार उपशाला विरोध केला, मोजकी वाळू स्वतः विकली आणि त्या पैशात बळीराजा धरण उभं केलं. नदीतून किती काढायचं आणि ते कुणासाठी, हे त्या लोकांनी ठरवलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे असायला हवं होतं.

आम्ही गावात ठरावाचा मसुदा केलाय, दीड पानाचा. पाच फुटांपेक्षा उंच काप असेल तर टप्पे पाडायचे. कापाच्या वर चर आणि भरावाच्या पायाशी दगडी पौळ किंवा जाळीची भिंत. ओढा आणि वगळीपासून ठरलेलं अंतर. जून ते सप्टेंबर खोदाई बंद. सुरुवातीच्या उताराचे फोटो आणि माप ग्रामपंचायतीत जमा, त्याशिवाय मशीन लावायचं नाही. कब्रस्तान, स्मशान, शाळा आणि विहिरीच्या वर-खाली काप घ्यायचाच नाही. ग्रामपंचायतीला एवढे सगळे अधिकार नाहीत हे आम्हाला माहीत आहे. म्हणून ठराव तहसीलदार आणि नगररचना कार्यालयाकडेही जाणार आहे, 'विकास'ची व्याख्या आणि 1:5 चा नियम सोबत जोडून.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मांडायचा आहे. खाचरवाल्या आजी अनुमोदन देणार आहेत, कब्रस्तान ट्रस्टच्या सह्या झाल्यात. पाच फूट की सहा फूट यावर अजून वाद चालू आहे. मामेभाऊ सहाच्या बाजूने आहे.