सध्या काय वाचतोयस?

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात दर बुधवारी लंचला खिडकीजवळचं एक टेबल अडवलं जातं. पाच जण, पाच डबे आणि एकच प्रश्न : सध्या काय वाचतोयस? अटही एकच. पुस्तक म्हणजे ऐतिहासिक कादंबरीच हवी. 'यशस्वी व्हा' छापाची पुस्तकं वाचणाऱ्यांनी शेजारच्या टेबलवर बसावं, आमची काही हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, ऐतिहासिक कादंबरीत सस्पेन्स तो काय? शेवट तर शाळेतच फुटलेला असतो! अगदी खरं. पण आमचा टेस्टिंगवाला मित्र विश्वास पाटलांचं 'पानिपत' कंपनीच्या बसमध्ये असं वाचतो, की जणू १४ जानेवारी १७६१ चा निकाल अजून लागायचाच आहे. परवा बस वाकडला ट्रॅफिकमध्ये अडकली, तर सगळे वैतागलेले आणि हा खूश. म्हणे, "बरं झालं, अजून वीस पानं होतील."

फायनान्सवाला 'राऊ'वर आहे. २०१५ मध्ये 'बाजीराव मस्तानी' पाहिला होता, त्याची मूळ कादंबरी ना. सं. इनामदारांनी १९७२ मध्येच लिहिली होती हे त्याला आत्ता कळलं. इंदूरहून आलेली ज्युनिअर त्याच इनामदारांची 'झुंज' वाचतेय आणि यशवंतराव होळकर जणू तिच्या गल्लीत राहायचे अशा थाटात सांगतेय. एचआरमधल्या मैत्रिणीकडे 'शिकस्त' आहे. पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, हे अखेरपर्यंत मान्य न करणाऱ्या पार्वतीबाईंची गोष्ट.

आणि मी? मी 'स्वामी'. रणजित देसाईंची, १९६२ ची. खरं सांगायचं तर ती बाबांची प्रत आहे. मी नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा त्यांनी बॅगेत कोंबली होती. चार वर्षं तिच्यावर लॅपटॉपचा चार्जर ठेवत होतो. बाबा फोनवर विचारायचे, "काढलंस का रे वाचायला?" मी म्हणायचो, "बाबा, मीटिंगमध्ये आहे." गेल्या महिन्यात सत्तावीस पूर्ण झाली आणि सहज मागचं कव्हर वाचलं. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं, पानिपतानंतरची मोडलेली घडी, एकीकडे निजाम, दुसरीकडे हैदर, घरात काका. आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने मृत्यू. वय वर्षं २७. आणि मी इथे अप्रेझलचं टेन्शन घेऊन बसलोय!

आठ दिवसांत संपवली. शेवटची पानं बसमध्ये वाचली आणि चक्क रडलो. बाजूच्या काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. रात्री बाबांना फोन केला. आम्ही पन्नास मिनिटं बोललो. पगार, लग्न आणि गाडीचं सर्व्हिसिंग हे विषय सोडून आमचा हा पहिला लांबलचक फोन.

तेव्हा बुधवारी मी टेबलवर जाम फॉर्मात होतो. रमाबाई सती जातात तो शेवट मी सॉल्लिड रंगवून सांगितला. "याला म्हणतात प्रेम!" असंही वर म्हणालो.

एचआरवालीने डबा बंद केला. म्हणाली, "मला नाही रे ते प्रेम वाटत. तुझ्या-माझ्या वयाच्या आसपासची एक बाई जिवंत जळाली. माझ्या पुस्तकातली पार्वतीबाई मागे राहिली, तर तिचे हाल. तुझ्या पुस्तकातली गेली, तर तिची आरती. बाईने करायचं काय?"

मी चिडलो. खूपच चिडलो. तिला म्हणालो, "तुला प्रत्येक ठिकाणी इश्यू काढायचाच असतो." तिने मान खाली घातली आणि उरलेला लंच मुकाट्याने झाला. पुढच्या बुधवारी ती आली नाही. टेबलवर चारच डबे.

खरं म्हणजे मला राग तिच्या प्रश्नाचा नव्हता. ती माझ्या बाबांच्या पुस्तकाबद्दल बोलली होती. आत्ता कुठे आमच्यात बोलायला काही तरी सापडलं होतं, आणि त्यालाच हिने हात घातला, असं वाटलं.

रविवारी बाबा पुण्यात आले होते. आम्ही थेऊरला गेलो, पुण्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि मग नदीकाठी रमाबाईंच्या समाधीपाशी जाऊन बसलो. मी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, ते माझी बाजू घेतील.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, मी कॉलेजात असताना वाचली तेव्हा मीही रडलो होतो. तुझी आई मात्र ते शेवटचं प्रकरण कधी वाचायची नाही. पुस्तक मिटून ठेवायची. मी तिला कधी विचारलंच नाही, का म्हणून."

परतीच्या वाटेवर दोघंही फारसं बोललो नाही.

सोमवारी मी एचआरवालीच्या डेस्कपाशी जाऊन सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "पुस्तक वाईट आहे असं म्हणालेच नव्हते मी. मलाही रडू आलं होतं. म्हणून तर भीती वाटली." यावर काय बोलणार? मी तिला 'स्वामी' दिली नाही, तिच्याकडे होतीच. तिची 'शिकस्त' मात्र मागून घेतली.

मंडळी, एकट्याने वाचताना आपण लेखकाच्या बोटाला धरून चालतो, आणि त्याने रडवलं की रडतो. त्यात काही गैर नाही, ती तर मजा आहे. पण तेच पान दुसऱ्याने वाचलं की कळतं, आपण कुठे थांबायला हवं होतं आणि थांबलो नाही. 'स्वामी' मला अजूनही तितकीच आवडते. फक्त आता शेवटच्या पानांशी मीही जरा अडखळतो.

तर असं एखादं टेबल तुमच्याही ऑफिसात अडवा. फंडा सोपा आहे : डबा आणा, पुस्तक आणा आणि चिडायची तयारी ठेवा.

आमच्या टेबलवर पुन्हा पाच डबे आलेत. आणि 'शिकस्त' सध्या माझ्याकडे नाही. बाबा घेऊन गेलेत. म्हणाले, "आधी तुझ्या आईला देतो."