हिरव्या छताखालचा अंधार

अमेरिकेतील नैऋत्येकडच्या कार्यकर्त्यांनी १९९० मध्ये दहा बड्या पर्यावरण संस्थांना एक खरमरीत पत्र लिहिले. निसर्ग वाचवण्याच्या गोष्टी करता, पण तुमच्या कचेऱ्यांत आणि विश्वस्त मंडळांत आमची गोरेतर माणसे कुठे आहेत, असा त्याचा रोख होता. संस्थांनी सुधारणेची आश्वासने दिली.

चोवीस वर्षांनी, २०१४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डॉर्सेटा टेलर यांनी त्या आश्वासनांचा हिशेब मांडला. संवर्धन संस्था, सरकारी खाती आणि निधी देणारी प्रतिष्ठाने अशा २९३ ठिकाणांची त्यांनी पाहणी केली. देशाच्या लोकसंख्येत गोरेतर एक तृतीयांशाहून अधिक; इथे मात्र त्यांचे प्रमाण १६ टक्क्यांच्या वर चढतच नव्हते. स्त्रियांचा टक्का वाढला, पण मुख्यतः गोऱ्या स्त्रियांचा. या अडसराला टेलर ‘हिरवे छत’ म्हणतात. ते टिकते साध्या रीतीने: जागा रिकामी झाली की ओळखीतल्या ओळखीत माणूस शोधला जातो. कुणाच्या मनात द्वेष नसला तरी दार बंदच राहते.

त्याची किंमत दाराबाहेरचे मोजतात, कारण निर्णयाच्या जागी त्यांचा आवाज नसतो. नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन काउंटीत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी. पीसीबी या घातक रसायनाने दूषित झालेली माती १९८२ मध्ये तिथेच पुरायला आणली गेली. लोक ट्रकपुढे आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली, तरी माती पुरली गेलीच.

आता उरलासुरला आधारही सुटतो आहे. अशा वस्त्यांवर प्रदूषणाचा जादा बोजा पडू नये यासाठी अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९४ मध्ये काढलेला पर्यावरण-न्यायाचा आदेश ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये रद्द केला. सरकारी खात्यांतले विविधतेचे कार्यक्रमही गुंडाळायला लावले. मार्चमध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने या कामाची कार्यालये बंद करण्याचे जाहीर केले.

सरकारने पाठ फिरवली की संस्थांनाही गप्प बसायला निमित्त मिळते. खरा धोका इथे आहे. आश्वासनांवर चोवीस वर्षे गेली. मोजणीही थांबली, तर पुढची चोवीस वर्षे गेलेली कळणारसुद्धा नाहीत. म्हणून संस्थांनी आपले आकडे दरवर्षी स्वतःहून जाहीर करावेत आणि प्रत्येक जागेची उघड जाहिरात द्यावी. देणगीदारांनीही धनादेशावर सही करण्याआधी एवढेच विचारावे: विषारी कचऱ्याच्या शेजारी राहणारे किती जण तुमच्या विश्वस्त मंडळावर आहेत?